डॉर्कसबाईंची शिरोरेघ

पूर्णेच्या स्टेशनावर उतरून कुणालाही डॉर्कसबाईंचं घर विचारा. घर सापडेलच, पण तुम्ही दारात पोचायच्या आत तुम्ही कोण, कुठले आणि कशाला आलात हे बाईंना कळलेलं असेल. मोबाइल नव्हते तेव्हाही हे असंच होतं.

डॉर्कस मनोहर भालेराव. वय अडुसष्ट, अंगानं बारीक, आवाजानं दणदणीत. रेल्वेच्या दवाखान्यात सदतीस वर्षं आया होत्या. आमच्या कॉलनीतली निम्मी पोरं जन्मली तेव्हा पहिला हात त्यांचा लागला आणि कित्येक म्हातारे गेले तेव्हा शेवटचा पाण्याचा घोटही त्यांनीच पाजला. इतकं जवळून पाहिलेल्या बाईला कुणाच्या घरातलं काय ठाऊक नसणार? फक्त त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. अमक्याच्या सुनेला तिसरा महिना, तमक्याच्या पोराची नोकरी तात्पुरती, फलाण्याला शुगर निघाली. सकाळी दवाखान्यात आलेली गोष्ट दुपारी ताडकळसच्या बाजारात पोचलेली असायची. पण खोटं कशाला बोलू, कुणाच्या घरी ताप आहे असं कळलं की पुढं खबर जायची आणि मागोमाग पेजेचा डबा घेऊन बाई स्वतः जायच्या. खबर थोडी लवकर पोचायची, एवढंच.

मी बन्सीधर साळवे. स्टेशनावर पार्सल ऑफिसात कारकून होतो, आता रिटायर आहे आणि आमच्या छोट्याशा चर्चचा सेक्रेटरी आहे. दुसरं कुणी व्हायला तयार नाही म्हणून मी. घर बाईंच्या समोरच. त्या माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठ्या, म्हणून मी ‘बाई’ म्हणतो आणि त्या मला सगळ्या मंडळीसमोर ‘ए बन्सी’ म्हणतात.

डॉर्कस हे नाव शास्त्रातलं. ती डॉर्कस गोरगरिबांना कपडे शिवून द्यायची, आजारी पडून मेली आणि प्रार्थनेनं पुन्हा उठून बसली. आमच्या बाईंना या नावाचा मोठा तोरा. ‘‘मी एकदा मरून उठल्याली हाय, मला काय भेव दाखवता?’’ असं त्या डॉक्टरांनासुद्धा ऐकवायच्या. दवाखान्याच्या रजिस्टरात त्या सहीऐवजी नुसतं ‘डी’ लिहीत. पुढं ती सवय इतकी वाढली की त्यांच्या बादलीवर डी, छत्रीवर डी, ताटवाटीवर डी आणि चर्चमधल्या त्यांच्या ठरलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीच्या पाठीवरही तेलरंगात डी. शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वळणदार, पण शिरोरेघ मात्र शब्दाशब्दाला वेगळी द्यायची त्यांना माहीत नव्हती. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ, रुळासारखी. ही शिरोरेघ लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिनंच केलं.

बाईंच्या भिंतीला भिंत लागून चांगुणाबाईंचं घर. चांगुणाबाई त्याच दवाखान्यात झाडलोटीला होत्या. नवरा सिताराम रेल्वेत गँगमन, एकुलती एक लेक नीलम. दोघी एकाच वेळी ड्युटीवर जायच्या, एकाच वेळी परत यायच्या. दुपारी चार वाजता जिच्या घरी चहा आधी होईल ती भिंतीवर सांडशीनं दोनदा ठोकायची, की दुसरी आपला कप घेऊन ओट्यावर हजर. एक चर्चला जाणारी, दुसरी विहाराला जाणारी, पण चार वाजता दोघींचा धर्म एकच. ती ठकठक मी माझ्या खाटेवरून तीस वर्षं ऐकली.

मग आठ वर्षांपूर्वी ती बंद झाली.

नीलम नांदेडला नर्सिंगला होती, दुसऱ्या वर्षाला. बाईंनीच तिला त्या मार्गाला लावलं होतं. ‘‘माझ्यावानी आया नको होऊ, सिस्टर हो,’’ म्हणून फॉर्मसुद्धा त्यांनीच आणून दिला होता. एके दिवशी बाई नांदेडहून आल्या आणि कुणाला तरी म्हणाल्या, ‘‘कोणाला सांगू नको, पण नीलम एका पोरासंगं दिसली, हातात हात व्हता.’’ चार दिवसांत ही गोष्ट सितारामच्या कानावर गेली. सिताराम तापट नव्हता, पण भित्रा होता आणि भित्र्या बापाइतकं कडक कुणी नसतं. त्यानं पोरीला परत आणलं, कॉलेज सोडवलं आणि सहा महिन्यांत पालमला लग्न लावून दिलं.

चांगुणाबाईंनी बाईंना ओट्यावर उभं करून विचारलं, ‘‘तू सांगितलंस का?’’ बाईंनी वेदीची शपथ घेतली. म्हणाल्या, ‘‘माझ्या तोंडातून गेलं असंल तर जीभ झडो.’’ जीभ झडली नाही, पण चांगुणाबाई त्या दिवसापासून बाईंशी एक शब्द बोलल्या नाहीत. दोन वर्षांपूर्वी सिताराम वारला तेव्हा सगळी गल्ली त्या घरात होती आणि डॉर्कसबाई, जिनं कॉलनीतल्या प्रत्येक मयताला अंघोळ घातली, ती बाई आपल्याच ओट्याच्या खांबाला धरून बाहेर उभी होती. आत बोलावणं आलं नाही. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवलं नाही. कारण काय ते सांगतो, थोडं थांबा.

तर, आमचे लेंटचे चाळीस दिवस. जुनी माणसं त्याला उपासाचे दिस म्हणतात. ईस्टरच्या आधी या दिवसांत जिवाला आवडणारं काहीतरी सोडायचं आणि आपलं मन तपासायचं, अशी रीत. बाई दरवर्षी चहा सोडायच्या. मोठ्यानं सोडायच्या, म्हणजे गल्लीला कळेल अशा. त्यांचा उपास आहे असं ऐकून कोपऱ्यावरच्या नर्मदाबाई बिचाऱ्या दरवर्षी साबुदाण्याची खिचडी आणून द्यायच्या. बाईही ‘‘तुझं मन कशाला मोडू’’ म्हणत वाटी चाटून पुसून परत करायच्या. आणि चहा सोडला म्हणावा तर चार वाजता गवती चहा उकळायचा. दूध, साखर, आलं, सगळं घालून. ‘‘पत्ती कुटं हाय ह्याच्यात? गवत हाय गवत,’’ हे वर. एकादशी आणि दुप्पट खाशी, दुसरं काय!

गेल्या साली आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. तरुण, उत्साही. त्यांनी लेंटच्या पहिल्या रविवारी चिठ्ठ्या वाटल्या. आपण काय सोडणार ते लिहायचं, नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या वेदीवर ठेवून एकेक मोठ्यानं वाचायच्या आणि प्रत्येकीसाठी प्रार्थना करायची. वाचायचं काम अर्थातच सेक्रेटरीकडे. या कामाच्या नावाखाली मी स्वतः चिठ्ठी लिहायचं टाळलं, हेही नोंदवून ठेवतो.

मी वाचत गेलो. गोड खाणं. मोबाइलवरचे व्हिडिओ. तंबाखू, ही दोनदा. राग. आणि मग एक घडी उघडली, डोळ्यांसमोर एक सरळ, लांब रेघ आली आणि मी खणखणीत वाचलं, ‘‘चहाडी.’’

पंचवीस-तीस माणसं असतील. नाव कुणाचंच नव्हतं. पण एकानंही इकडेतिकडे पाहिलं नाही, सगळ्यांच्या माना एकाच खुर्चीकडे वळल्या, ती पाठीवर डी लिहिलेली. मागच्या ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं. पाळकसाहेब नवे, त्यांना काही ठाऊक नव्हतं. ते गहिवरून म्हणाले, ‘‘केवढी प्रामाणिक कबुली! प्रभू या व्यक्तीला बळ देवो.’’ आणि सगळी मंडळी मनापासून ‘आमेन’ म्हणाली. इतक्या मनापासूनचं आमेन आमच्या चर्चमध्ये नाताळातही होत नाही.

बाई ताडकन उठल्या. तोंड उघडलं. मी समजलो, आता माझी धडगत नाही. पण त्यांनी त्या वळलेल्या माना पाहिल्या, एक एक करून सगळ्या पाहिल्या, आणि खाली बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडून काही न बोलता मिटलं असेल.

उपासना संपल्यावर त्यांनी मला नळापाशी गाठलं. ‘‘बन्सी, मेल्या, डोळे फुटले का तुझे? मी ‘चहा’ लिवलं व्हतं. पुढं माझं डी हाय.’’

मी खिशातून चिठ्ठी काढली. चहा, मग डी, आणि दोघांच्या डोक्यावरून गेलेली एकच अखंड शिरोरेघ. ‘‘नाव लिहायचं नव्हतं ना, बाई?’’ मी म्हणालो.

‘‘हाताला सवय हाय.’’

‘‘मग सांगू का सगळ्यांना पुढच्या रविवारी? वाचण्यात चूक झाली म्हणून?’’

बाईंनी चिठ्ठी माझ्या हातातून घेतली. ‘‘नगं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कोणाचं नाव न्हवतं बन्सी, तरी समदे माझ्याकडंच वळले. एक बी चुकला न्हाई.’’ मग चिठ्ठी कमरेच्या पिशवीत खोचली. ‘‘वेदीवर वाचलं ते वाचलं. आता चहा बी सोडला अन् चहाडी बी.’’

मला वाटलं, चार दिवस. गल्लीनंही तेवढेच दिवस धरले होते. पण बाई खरंच गप्प झाल्या आणि आमची पंचाईत झाली. कोपऱ्यावरच्या नर्मदाबाई तापानं तीन दिवस घरात पडून होत्या, कुणाला पत्ताच नाही. पाळकसाहेबांच्या पत्नी अर्पिताताई धावत बाईंकडे आल्या. ‘‘मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं?’’

‘‘म्हाईत व्हतं की. पेज देऊन आले.’’

‘‘मग सांगितलं का नाही कुणाला?’’

‘‘सोडलंय.’’

अर्पिताताईंनी कपाळाला हात लावला. दोघी ओट्यावर बसून ठरवायला लागल्या की कुठपर्यंत खबर आणि कुठून पुढं चहाडी. तास गेला. शेवटी बाईंनीच नियम काढला, ‘‘ज्याचं बोलायचं, त्याच्या तोंडावर बोलायचं. माणूस समोर असंल तर ती चहाडी न्हाई.’’

या नियमानं गल्लीत जी काही धमाल झाली ती विचारू नका. जे इतकी वर्षं पाठीमागं गेलं होतं ते सगळं आता दारावर यायला लागलं. बाई आदिनाथ किराणावाल्याच्या दुकानात जाऊन त्यालाच म्हणाल्या, ‘‘तू शेंगदाण्यात जुने दाणे मिसळतोस असं मी गल्लीभर सांगत व्हते. आता तुलाच सांगायले.’’ मला एक दिवस फाटकात गाठून म्हणाल्या, ‘‘बन्सी, तू गाणी लय बेसूर म्हणतोस. मी बाराजणींना सांगितलंय. तू तेरावा.’’ मी दोन दिवस फुगून होतो. पण गंमत अशी की आदिनाथनं शेंगदाणे चाळायला सुरुवात केली आणि मी गाणं जरा हळू म्हणायला लागलो. लोक आधी चिडले, मग हसले, मग बाईंना बघून वाट बदलेनासे झाले. पूर्वी त्यांच्याशी बोलताना माणूस सांभाळून बोलायचा. आता त्यांच्यापाशी दोन बायका बसल्या की तिसरी उठून जायला घाबरत नव्हती.

गवती चहाही त्यांनी उकळला नाही. ऊन असं की टिनाखाली जीव उकडून निघत होता. चार वाजले की बाई नुसतंच पाणी घेऊन ओट्यावर बसायच्या. भिंतीपलीकडून चांगुणाबाईंच्या स्टोव्हचा आवाज यायचा, कपबशीचा आवाज यायचा. बाई ऐकत बसायच्या. पूर्वी ही वेळ त्या बोलण्यात घालवायच्या, आता घालवायला काही नव्हतं. एकदा मी जाऊन शेजारी बसलो, तर त्यांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, ‘‘समद्यांच्या दारात जाऊन आले, बन्सी. एक दार ऱ्हायलंय. अन् तिथं दुसऱ्याचं न्हाई सांगायचं, माझंच सांगायचं हाय.’’

मी म्हणालो, ‘‘बाई, सात वर्षं झाली. उगाच जुनी जखम कशाला उकरता? नीलम सुखात आहे. चांगुणाबाई बोलत नाहीत ते नाहीत. आता सांगितलंत तर आज संशय आहे, उद्या खात्री होईल. आहे तेही जाईल.’’

‘‘काय हाय जायाला?’’ बाई म्हणाल्या.

त्यांच्या काळजीपोटी मी हे बोललो असं तेव्हा त्यांना वाटलं असेल. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

झावळ्यांच्या रविवारी आम्ही शिंदीच्या झावळ्या हातात घेऊन गल्लीतून गात गेलो. चांगुणाबाईंच्या घरावर निळा झेंडा चढत होता, कारण दुसऱ्याच दिवशी चौदा एप्रिल. गेल्या साली जयंती आमच्या पवित्र आठवड्यातल्या सोमवारी आली होती. नीलम लेकीला घेऊन पालमहून आली होती. ती दारात उभी राहून झावळ्यांची मिरवणूक बघत होती. बाईंची चाल मंदावली, पण त्या थांबल्या नाहीत. चर्चच्या पायरीवर मात्र माझा हात धरून म्हणाल्या, ‘‘उद्या माझ्यासंगं चल. चिठ्ठी तूच वाचलीस, आता निकाल बी तूच बघ.’’

मी नाही म्हणायला हवं होतं. कारणही तयार होतं, गुडघा. पण बाई माझा हात सोडेनात. मरून उठलेली बाई, जिला कुणाचं भेव नाही, तिला सोबत हवी होती. मी गेलो.

सोमवारी दुपारी विहारातली वंदना आटोपून चांगुणाबाई घरी आल्या होत्या. पांढरी साडी, डोईवर पदर. घरात खिरीचा वास. नीलम लेकीच्या वेण्या घालत होती. चार वर्षांची संघप्रिया आमच्याकडे टकाटका बघायला लागली. चांगुणाबाईंनी बाईंना दारात पाहिलं आणि पदर सारखा करता करता त्यांचा हात थांबला.

‘‘जय भीम, चांगुणा,’’ बाई म्हणाल्या.

सणाच्या दिवशी जय भीमला उत्तर द्यावंच लागतं. ‘‘जय भीम,’’ चांगुणाबाई म्हणाल्या. सात वर्षांतले पहिले दोन शब्द.

बाई उंबऱ्याच्या आत गेल्या नाहीत. उभ्यानंच बोलल्या आणि इतक्या हळू बोलल्या की त्यांचा आवाज मला ओळखू येईना. ‘‘सात वर्साखाली तू मला इचारलं व्हतंस, नीलमचं तू सांगितलं का. मी वेदीची आन घेतली. ती खोटी व्हती. मीच सांगितलं. नांदेडच्या स्टेशनावर मी हिला बघितलं. एक पोरगा ट्रंकेची एक कडी धरून व्हता, दुसरी कडी हिच्या हातात व्हती. मी एवढंच बघितलं, चांगुणा. हातात हात न्हवता. ट्रंक व्हती. हात मी माझ्या मनानं लावला.’’

नीलमच्या हातातली वेणी सुटली. ती म्हणाली, ‘‘ती ट्रंक लय जड व्हती, मावशी. त्या पोराचं नाव बी मला आठवत न्हाई आता.’’

यावर बाई रडल्या नाहीत. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, रडणं त्यांना सोपं होतं. त्यांनी नीलमच्या डोळ्याला डोळा भिडवून सगळं ऐकून घेतलं. नीलम म्हणाली, ‘‘फॉर्म तुमीच आणून दिला व्हता. लोकांनी काय बी बोललं असतं तर मला एवढं लागलं नसतं. मला आजून राग हाय.’’

‘‘असू दे,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तू धर राग. मी काय मागाया आले न्हाई.’’

चांगुणाबाई इतका वेळ भिंतीला टेकून होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘ह्यांना कोणी सांगितलं? तू तर ह्यांच्याशी बोलली नसशील. ते जाईस्तोवर मी इचारलं त्यांना, नाव न्हाई सांगितलं. भल्या माणसानं सांगितलं, एवढंच म्हणायचे. तू कोणापाशी बोललीस?’’

बाईंनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. ‘‘ते इचारू नको, चांगुणा. मी चहाडी सोडलीय.’’

तो भला माणूस मी.

आता तुम्हाला कळलं असेल, सितारामच्या मयताला मला बाईंकडे का बघवलं नाही. बाईंनी ती गोष्ट मला सांगितली होती, पार्सल ऑफिसच्या खिडकीत, ‘कोणाला सांगू नको’ म्हणून. आणि मी सितारामला बोलावून, चहा पाजून, मोठ्या कळवळ्यानं सांगितली होती. वर माझी पुस्ती जोडली होती, ‘रोजच दिसतात म्हणे.’ बाईंनी एक हात लावला आणि मी त्याला रोजचा रतीब लावला. नंतर सात वर्षं सगळी गल्ली बाईंना चहाडखोर म्हणत राहिली, मीही हसत राहिलो आणि भला माणूस म्हणून चर्चचा सेक्रेटरी झालो. बाईंना सगळं ठाऊक होतं. जगाच्या गोष्टी सांगणाऱ्या या बाईनं माझी गोष्ट मात्र कुणाला सांगितली नव्हती, उपास नसतानाही.

संघप्रिया माझ्याकडेच बघत होती. ‘‘मला,’’ मी म्हणालो. ‘‘बाईंनी मला सांगितलं आणि मी सितारामला. रोज दिसतात हे मी वाढवलं. नीलम, माझी चूक बाईंपेक्षा मोठी आहे.’’

बाहेर लाउडस्पीकर लागला होता, तो गाणं बदलायला थांबला तेवढ्यात आतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. चांगुणाबाई वळल्या आणि आत गेल्या. मी समजलो, संपलं. बाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या उंबऱ्यावरून मागं सरल्या.

पण आतून स्टोव्हचा आवाज आला. थोड्या वेळानं चांगुणाबाई दोन कप घेऊन बाहेर आल्या. चेहरा कोरडाच. एक कप माझ्या हातात दिला, दुसरा बाईंपुढं धरला.

बाईंनी कपाकडे पाहिलं. हात पुढं झाला आणि मागं आला. ‘‘चांगुणा,’’ त्या अगदी कसनुशा होऊन म्हणाल्या, ‘‘मी चहा बी सोडलाय गं.’’

‘‘गवताचा का खरा?’’

‘‘दोन्ही.’’

चांगुणाबाईंच्या तोंडाचा एक कोपरा जरासा हलला. हसू नव्हतं ते, पण ज्या जागी हसू येतं ती जागा होती. ‘‘कवा सुटतंय तुमचं?’’

‘‘रईवारी. ईस्टरला.’’

‘‘मग रईवारी पी,’’ चांगुणाबाई म्हणाल्या आणि तो कपही माझ्या पुढ्यात ठेवला. ‘‘भाऊ, तुमी काय सोडलंय?’’

‘‘काही नाही,’’ मी म्हणालो.

‘‘मग प्या दोन्ही.’’

मी दोन्ही प्यालो. नीलम बघत होती, तरी प्यालो. साखर बरोबर होती एवढंच आठवतं.

त्या आठवड्यात मी पाळकसाहेबांकडे जाऊन सेक्रेटरीपद सोडतो म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘लेंटची चिठ्ठी लिहिली नव्हती ना तुम्ही? आता लिहा.’’ मी लिहिली. काय ते सांगत नाही, पण चाळीस दिवसांपुरतं नाही.

ईस्टरच्या पहाटे आम्ही नेहमीसारखे जमलो. पाळकसाहेब म्हणाले, ‘‘प्रभू उठला आहे,’’ आणि आम्ही म्हणालो, ‘‘खरोखर उठला आहे.’’ बाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. मी दरवर्षी हे वाक्य पाठ म्हणतो. त्या दिवशी ते अर्थासकट म्हटलं. समोरच एक उठलेली बाई, नवी साडी नेसून, डी लिहिलेल्या खुर्चीला धरून उभी होती. तिच्याकडे बघून मला वाटलं, माणूस या वयातही नवं होतं. होऊ शकतं. मग मीही का नाही?

दुपारी मी घरी येऊन खाटेवर पडलो. झोप नव्हती. नीलम शुक्रवारीच पालमला परत गेली होती. जाताना बाईंशी बोलली नव्हती, पण संघप्रियानं हात हलवला होता आणि आईनं तो धरून खाली ओढला नव्हता. चार वाजायला आले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होतो. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. चांगुणाबाईंचा विचार बदलला असेल, बदलला तर त्यांचं काय चुकलं, असं मी स्वतःला समजावत होतो.

आणि भिंतीवर सांडशी वाजली. ठक, ठक.

मी उठलो नाही. ते माझं बोलावणं नव्हतं. पडल्या पडल्याच ऐकलं. दार करकरलं, ओट्यावर चपला वाजल्या, बशी टेकल्याचा आवाज आला. मग बोलणं. आधी एकीचं, मग दोघींचं, मग दोघींचं एकदमच. मी तोंडावर टॉवेल घेतला, कारण घरात कुणी नसलं तरी म्हाताऱ्या माणसानं असं रडू नये.

इतक्यात गल्ली दणाणली. ‘‘ए बन्सी!’’

मी खिडकीशी गेलो. दोघी ओट्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. बाईंच्या हातात वाफाळता कप, मांडीशी तिसरा रिकामा कप उपडा ठेवलेला.

‘‘चल, ये इकडं,’’ बाई ओरडल्या. ‘‘तुझ्याबद्दलच बोलायलोत आमी. लौकर ये, तू समोर नसलास तर चहाडी व्हईल!’’